अंगठ्याची पत

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, तो 500च्या आतबाहेर घुटमळतो आणि एखाद्या वर्षी तेवढाही येत नाही. कोरडवाहू ज्वारी-बाजरी, मेंढरं, घोंगड्या आणि पोटासाठी ऊसतोडीला नाहीतर मुंबईला निघालेली माणसं, असा इथला जुना संसार. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. याच मुलखात म्हसवडला 1997 साली बायकांनी स्वतःची बँक काढली, माणदेशी महिला सहकारी बँक.

बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून त्या सामाजिक कामात आल्या, चळवळीतले शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न झालं आणि म्हसवडला राहू लागल्या. बँक का सुचली, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी, लोखंडाचं काम करून पोट भरणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी पालावर घालायला ताडपत्री घ्यायची होती, म्हणून रोजचे थोडे पैसे बाजूला टाकायला तिला खातं हवं होतं. पण एका बँकेने ते उघडून दिलं नाही. एवढ्याशा रकमेसाठी खटाटोप परवडत नाही, हे त्यामागचं कारण.

तिने कर्ज मागितलं नव्हतं. लघुकर्जावर बोलणारे बहुतेक जण गरिबाला उसने पैसे कसे पोचवावेत यावरच थांबतात. पण हातावर पोट असलेल्या माणसाची पहिली अडचण निराळी असते. चार पैसे घरात ठेवले तर ते टिकत नाहीत, दारू, आजारपण, पाहुणे यांत निघून जातात. माणदेशीची सुरुवात बचतीपासून झाली, म्हणून ती पुढे टिकली, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. प्रवर्तक सभासदांपैकी कितीतरी जणींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते, आणि निरक्षरांच्या हाती बँक कशी द्यायची, हा आक्षेप होता. बायका खचल्या नाहीत. दिवसभराचं काम उरकून त्या अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी चेतनाताईंबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं होतं: आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तो आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणतीही रक्कम सांगा, तिचं व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा आणि बघा कोण आधी सांगतं. परवाना मिळाला.

पुढे घडलं ती गंमत नाही, शहाणपण आहे. बँकेत यायचं तर रोजगार बुडतो, म्हणून बँकेची माणसं बायकांच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. मग यंत्रावरचे व्यवहार सुरू करायची वेळ आली, तेव्हा बायकांनीच पिनला हरकत घेतली. पिन घरातलं कुणीही दमदाटी करून काढून घेईल. त्यापेक्षा अंगठा लावूनच पैसे मिळू द्या, असं त्या म्हणाल्या. ज्या अंगठ्यामुळे अर्ज परत आला होता, तोच आता खात्याचं कुलूप झाला. बाईच्या कमाईवर घरातच कोणाचा डोळा असतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आठवडी बाजारातली भाजीवाली बघा. सकाळी माल उचलायला तिला रोख रक्कम लागते. सावकार शंभरातले दहा आधीच कापून नव्वद हातावर ठेवतो आणि संध्याकाळी पुरे शंभर मागतो, ही रीत देशभरच्या बाजारांत चालत आली आहे. तिच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही, कारण सात-बारावर तिचं नावच नाही. अशा बाजारकरी बायकांना त्यांच्या विक्रीच्या चालीने खेळतं भांडवल पुरवणं, हे माणदेशीच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तरीही नुसत्या कर्जाने गरिबी हटत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. 2010 साली आंध्र प्रदेशात खासगी लघुकर्ज कंपन्यांच्या वसुलीवर एवढे गंभीर आरोप झाले की सरकारला वटहुकूम काढावा लागला. 2015 मध्ये सहा देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत लघुकर्जाने व्यवसायाला थोडा हात मिळतो, पण कुटुंबाचं उत्पन्न फारसं पालटत नाही, असंच दिसलं. पाणी नाही, चारा नाही, बाजार लांब, तिथे हप्ता कशातून फिटणार?

माणमध्ये याचं उत्तर 2012च्या दुष्काळाने मागितलं. एक शेतकरीण सोनं गहाण टाकायला आली, जनावरांना चारा घ्यायचा म्हणून. सोनं तारण घेऊन कर्ज देणं बँकेला सोपं होतं. पण विकतचा चाराच मिळेना, तर कर्ज घेऊन ती काय करणार? म्हणून बँकेची जोडसंस्था असलेल्या माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. दावणीला जनावरं आणि शेजारी खोपी करून राहिलेली माणसं, असा संसार पाऊस येईपर्यंत चालला. दुभती जनावरं कसायाच्या दारात गेली नाहीत, म्हणजे कुटुंबांचं भांडवल शाबूत राहिलं. पुढे बंधाऱ्यांची कामं हाती घेतली. 2019च्या सुरुवातीला दुष्काळाने पुन्हा गाठलं, तेव्हा पुन्हा छावणी उभी राहिली.

फाउंडेशनची बाकीची कामंही याच धाग्यातली. 2006 पासून ग्रामीण बायकांसाठी उद्योगाची शाळा आहे, आणि येऊ न शकणाऱ्यांसाठी ती बसमधून गावोगाव फिरते. 2008 पासून ‘माणदेशी तरंग’ हे स्थानिक रेडिओ केंद्र आहे. शाळा लांब म्हणून घरी बसणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेतलेल्या बायका गावात ‘शेळी डॉक्टर’ म्हणून ओळखल्या जातात. मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात घोंगडी आणि घरची चटणी थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचते.

या बँकेच्या मालक तिच्या सभासद बायका आहेत, आणि त्यांच्याच ठेवींतून कर्ज उभं राहतं. महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्थांचं जाळं मोठं आहे, वाचकांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद असतील. यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाचा विषय संपला की उभं राहून एवढं विचारा: तारण नसलेल्या किती बायकांना आपण कर्ज दिलं, आणि रोजचे पन्नास रुपये साठवायला आलेल्या बाईचं खातं आपल्या शाखेत उघडतं का?