प्रोबवरचा हात

दहिसरच्या सोनोग्राफी केंद्रात शिरताना ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी तुम्ही वाचली असेल. आत पोटावर गार जेल लावतात. हवेची पातळ फट राहिली तरी जवळजवळ सारा ध्वनी तिथूनच परततो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. म्हणजे ७.७ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात येतो! खोली यंत्र मोजते, प्रोबचा कोन मात्र हात ठरवतो. तो चुकला तर पित्ताशयातला खडाही निसटतो.

२०१९ पासून एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी रुग्णांशी ओळख होते. हातही तेव्हाच बसावा, असे मला वाटते. पण महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये केलेल्या कायद्यांमुळे हे यंत्र कुणाच्याही हाती देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मग सराव कशावर? सिम्युलेटरवर. त्याचा प्रोब ध्वनी सोडतच नाही. कोन बदलला की संगणक साठवलेले चित्र बदलतो.