स्वतंत्र संगणक सल्लागारांची सावड

एका बैलावर नांगर चालत नाही. म्हणून ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजारच्या तशाच शेतकऱ्याशी सावड करतो. आज तुझं रान, उद्या माझं. बैल ज्याचा त्याचा, पीकही ज्याचं त्याचं. नांगरटीपुरती दोन घरं एक होतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संगणक सल्लागारांचा विषय निघाला की मला हा शब्द हमखास आठवतो. या माणसाजवळ कौशल्याचा एक बैल असतो आणि तो चांगला धडधाकट असतो. पण करार वाचायला, कराच्या नोटिशीला उत्तर द्यायला, अडकलेलं बिल सोडवायला दुसरा बैल लागतो. ब्रिटनमधल्या सल्लागारांनी तो कसा मिळवला, त्याची हकिकत आपल्याकडच्या प्रत्येक एकट्या सल्लागाराने समजून घ्यावी अशी आहे.

९ मार्च १९९९. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी संसदेत अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी तिथल्या कर खात्याने, म्हणजे इनलँड रेव्हेन्यूने, बरीच पत्रकं काढली. त्यातल्या एका पत्रकाचा क्रमांक होता आय.आर. ३५. तो नुसता अनुक्रमांक होता, पण पुढे तेच कायद्याचं नाव होऊन बसलं. पत्रकाचा रोख साधा होता. एखादा माणूस शुक्रवारी नोकरी सोडतो आणि सोमवारी त्याच कचेरीत, तेच काम करायला, स्वतःच्या कंपनीमार्फत ‘सल्लागार’ म्हणून परत येतो. हे आता चालणार नाही, असं सरकारचं म्हणणं होतं.

यातला पैशाचा भाग असा. ब्रिटनमध्ये पगारावर प्राप्तिकर लागतोच, शिवाय नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी लागते. ती नोकरही भरतो आणि मालकही. लाभांशावर मात्र ही वर्गणी नाही. स्वतःची छोटी कंपनी असलेला सल्लागार थोडासा पगार घ्यायचा आणि उरलेली रक्कम लाभांश म्हणून काढायचा. सरकारला यात पळवाट दिसली. पण नाण्याला दुसरी बाजू होती. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या व्यक्तीला कराच्या दृष्टीने नोकर धरावं, असा नियम १९७०च्या दशकातच झाला होता. त्या जबाबदारीतून सुटण्यासाठी एजन्सीच सांगायच्या की आधी कंपनी काढा, मग काम देतो. संगणकाच्या क्षेत्रात कंपनी असणं ही कामाची पहिली अट झाली होती. ज्या वाटेवर लोटलं, त्याच वाटेवर आता जकात बसली, अशी या माणसांची भावना झाली आणि ती रास्त होती.

ही माणसं विखुरलेली होती. एक लंडनमधल्या बँकेत, दुसरा स्कॉटलंडमधल्या तेल कंपनीत, तिसरा कुठल्या सरकारी खात्यात. एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, आणि कामाच्या बाबतीत एकमेकांचे स्पर्धक. त्यांना युनियन नव्हती, कारण मालक एक नव्हता. त्यांना चेंबर ऑफ कॉमर्समध्ये वजन नव्हतं, कारण कंपनीत माणूस एकच. ती एकमेकांना सापडली ती इंटरनेटवर. पत्रक निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मे १९९९मध्ये, त्यांनी ‘प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रुप’ ही संघटना उभी केली. पीसीजी या नावाने ती ओळखली जाऊ लागली. लढाईसाठी जमलेली ही मंडळी लढाई संपल्यावर पांगली नाहीत, हे तिचं खरं वैशिष्ट्य.

पहिला बदल लवकर दिसला. मूळ प्रस्तावात सल्लागार नोकर की व्यावसायिक हे काम देणाऱ्याने ठरवायचं आणि कर कापूनच पैसे द्यायचे, असं होतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सरकारने ते फिरवलं आणि ती जबाबदारी सल्लागाराच्या स्वतःच्या कंपनीवर टाकली. तत्त्व मात्र सोडलं नाही. ६ एप्रिल २०००पासून कायदा लागू झाला.

आता प्रश्न उरला तो असा: नोकर कोण आणि व्यावसायिक कोण, हे ठरवायचं कशावरून? कायद्यात त्याची व्याख्या नव्हती. उत्तर शोधायचं होतं न्यायालयांच्या जुन्या निकालांत, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा दाखला १९६८चा, एका लॉरीवाल्याचा. तयार काँक्रीट पोहोचवणारी एक कंपनी आणि तिच्यासाठी लॉरी चालवणारा एक माणूस. लॉरी त्याने हप्त्यावर घेतलेली, पण तिला रंग कंपनीचा. अंगावर गणवेश कंपनीचा. लॉरी दुसऱ्या कुणासाठी चालवायची नाही, असंही बंधन. वरवर पाहिलं तर हा नोकरच. पण लॉरीच्या दुरुस्तीचा खर्च त्याचा, नफा-तोटा त्याचा, आणि स्वतः येता आलं नाही तर आपल्या जागी दुसरा लायक ड्रायव्हर पाठवायची त्याला मुभा. न्यायालयाने त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं.

अशा निकालांतून तीन कसोट्या पुढे आल्या. काम स्वतःच करायला हवं की बदली माणूस पाठवता येतो? काम कसं, कधी, कुठे करायचं यावर हुकूम कुणाचा? आणि एक काम संपल्यावर दुसरं देण्याचं बंधन ग्राहकावर, ते घेण्याचं बंधन सल्लागारावर, असं काही आहे का? संगणक सल्लागाराचं सगळं भवितव्य या तीन प्रश्नांवर टांगलेलं. आणि त्याच्या हातात एजन्सीने दिलेला, बारीक टायपातला दहा-बारा पानी करार, जो त्याने आजवर शेवटच्या पानावर सही करण्यापुरताच उघडला होता.

संघटनेचं मोलाचं काम इथे झालं. तिने कराराचे नमुना मसुदे तयार करवून घेतले आणि सभासदांना दिले. एखादं कलम किती फरक करतं ते पाहा. एका करारात लिहिलेलं असतं, ‘सल्लागार रोज नऊ ते साडेपाच हजर राहील आणि विभागप्रमुख सांगतील ती कामं करील.’ दुसऱ्यात असतं, ‘सल्लागाराची कंपनी परिशिष्टात दिलेलं काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करील आणि त्यासाठी आवश्यक ती लायक व्यक्ती नेमील.’ माणूस तोच, संगणक तोच, प्रोग्रॅमही तोच. पहिल्या कागदावर तो नोकर, दुसऱ्यावर व्यावसायिक. अर्थात नुसता कागद पुरत नाही. रोजचा व्यवहार कागदाशी जुळायला हवा, हेही संघटनेने बजावून सांगितलं. ग्राहकाच्या कचेरीतल्या रजेच्या तक्त्यात आपलं नाव लिहू देऊ नका, कामाची यादी आधी लिहून घ्या, स्वतःचा विमा उतरवा, दुसरा ग्राहक शोधत राहा. कर खात्याने चौकशी लावलीच तर तज्ज्ञाचा खर्च भागवणारा विमा सभासदत्वाबरोबर मिळण्याची सोयही तिने केली. एकट्या माणसाला नोटीस आली की त्याची झोप उडते. पाठीशी जाणकार वकील आहे एवढं माहीत असलं तरी तो नीट उत्तर देऊ शकतो.

न्यायालयातही ही मंडळी गेली. हा कायदा युरोपीय कायद्याच्या आणि मानवी हक्कांच्या विरोधात आहे, असा दावा त्यांनी लावला. एप्रिल २००१मध्ये हायकोर्टाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये अपील कोर्टानेही फेटाळला. कायदा जागेवर राहिला. संघटना याच कारणासाठी जन्मली होती. तिचा शेवट इथे झाला असता तर नवल नव्हतं. पण एव्हाना सभासदांना कळून चुकलं होतं, की कायदा रद्द होवो न होवो, आपल्याला एकमेकांची गरज आहे.

या एकजुटीचं फळ पुढच्या लढाईत मिळालं. जेफ आणि डायना जोन्स या दांपत्याने १९९२मध्ये आर्क्टिक सिस्टिम्स नावाची कंपनी घेतली होती. शेअर दोनच, एक त्याचा आणि एक तिचा. संगणकाचं काम तो करायचा, हिशेब आणि पत्रव्यवहार ती सांभाळायची. दोघं लाभांश निम्मानिम्मा घ्यायचे. कर खात्याने १९३०च्या दशकातल्या तरतुदी बाहेर काढल्या आणि म्हटलं, की बायकोचा लाभांश हा खरं तर नवऱ्याचंच उत्पन्न आहे. घरातल्या दोघांनी मिळून चालवलेल्या लहान धंद्यांना हे सगळीकडे लागू पडलं असतं. २००४मध्ये पहिल्या पायरीवर दोन आयुक्तांची मतं दुभंगली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने जोन्स हरले. हायकोर्टातही हरले. अपील कोर्टात जिंकले. खातं वर गेलं, आणि २५ जुलै २००७ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने निकाल जोन्स दांपत्याच्या बाजूने दिला. या सगळ्या काळात पीसीजी त्यांच्या पाठीशी उभी होती. देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत कर खात्याशी लढणं हे दोन शेअरांच्या कंपनीच्या आवाक्यातलं काम नाही. ते सावडीनेच होतं.

संघटनेची प्रत्येक भूमिका आपल्याला सोयीची होती असंही नाही. भारतासारख्या देशांतून संगणक तज्ज्ञांना सहज मिळणाऱ्या परवान्यांना तिने त्या काळात विरोध केला होता. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या बाजूने पाहिलं तर तो बोचतो. पण सभासदांच्या पोटाचा प्रश्न उघडपणे मांडणं हे तिचं काम होतं. पुढे तिकडेच स्वतःची कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टिंग करणारे मराठी सल्लागारही त्याच कायद्याखाली आले. त्यांनाही त्याच तीन कसोट्या पार कराव्या लागतात.

२०१४मध्ये पीसीजीने नाव बदललं आणि सगळ्याच स्वयंरोजगारी व्यावसायिकांना दार उघडलं. आज ती आयपीएसई म्हणून ओळखली जाते. लेखक, आरेखक, प्रशिक्षक असे सगळे आता एका छत्राखाली आहेत. मात्र मूळ दुखणं गेलेलं नाही. कोण नोकर हे ठरवण्याचं काम एप्रिल २०१७मध्ये सरकारी कामांपुरतं आणि एप्रिल २०२१पासून मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांतही पुन्हा काम देणाऱ्याकडे गेलं. १९९९च्या मूळ प्रस्तावापाशी गाडं फिरून आलं. चूक झाली तर भुर्दंड आपल्यावर येईल या भीतीने काही मोठ्या बँकांनी अशा एकमाणशी कंपन्यांशी करार करणंच थांबवलं. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल मागे घेण्याची घोषणा केली. १७ ऑक्टोबरला नव्या अर्थमंत्र्यांनी ती रद्द केली. अवघ्या २४ दिवसांत हजारो लोकांचे बेत दोनदा बदलले. अशा वेळी एकट्याने बातम्या वाचून निर्णय घेणं आणि अनुभवी मंडळींना विचारून घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता आपल्या घराकडे येऊ. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीकडे माझं बिल सात महिने अडकलं होतं. फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ आणि मेल केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. मी गप्प बसायच्या बेतात होतो. नाशिकचा एक सल्लागार मित्र फोनवर म्हणाला, “तुझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना? मग रडतोस काय? पंचेचाळीस दिवसांचं कलम लिहून पत्र टाक.” नोंदणी मी पूर्वीच करून ठेवली होती, तिचा उपयोग मात्र माहीत नव्हता. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे करारात लिहिलं असलं तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत. लेखी मुदत नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. मी एक पानी पत्र लिहिलं, कलम नमूद केलं. तीन आठवड्यांत पैसे आले. जे मला सात महिने कळलं नाही, ते मित्राला दोन वर्षं माहीत होतं. आमच्यात अंतर होतं ते फक्त एका फोनचं.

अशी कितीतरी माहिती आपल्याकडे विखुरलेली पडली आहे. तांत्रिक सल्लागाराला पावत्यांच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे. तिची मर्यादा ५० लाख, आणि रोखीच्या पावत्या पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी साधारणपणे २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. परदेशी ग्राहकाचं काम असेल तर हमीपत्र देऊन करमुक्त निर्यात करता येते. आपल्या सीएला यातलं बरंच माहीत असतं. पण ग्राहक काम वाढवत नेतो तेव्हा काय म्हणायचं, सोर्स कोडचा मालक कोण, हमी किती महिन्यांची द्यायची, ताशी दर सांगावा की पूर्ण कामाचा, हे सीए सांगू शकत नाही. ते त्याच वाटेने गेलेला दुसरा सल्लागारच सांगतो.

म्हणून माझं प्रत्येक स्वतंत्र सल्लागाराला कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या गावातले, ओळखीचे पाच-सहा जण गोळा करा. पुणे असो, नाशिक असो, कोल्हापूर असो की पणजी. महिन्यातून एकदा बसा. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने आपला शेवटचा करार आणावा. ग्राहकाचं नाव आणि रक्कम झाकावी, आणि उरलेली कलमं एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. दुसऱ्या बैठकीपर्यंत मराठीत समजेल असा एक सामाईक मसुदा तयार करा. ब्रिटनमधल्या मंडळींनी संकट दारात आल्यावर तीन महिन्यांच्या आत सावड केली. आपल्याला संकटाची वाट पाहायचं कारण नाही.