बद्द आवाज

टेबल टेनिसच्या बॅटची गोष्ट मुंबईपासून सुरू करायचा हक्क आपल्याला आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक स्पर्धा इथे भरली, आशियात पहिल्यांदाच. तोवर बहुतेकांच्या बॅटला लाकडावर नुसतं दाणेदार रबर असे. चेंडू टकटक वाजे. पिंगपाँग हे नावच त्या आवाजावरून पडलेलं. समोरच्यानं किती जोर लावलाय, हे डोळ्यांबरोबर कानालाही कळे. जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला आणि आवाजच गायब झाला. अमेरिकेचा मार्टी राइसमन त्याच्यापुढे हरला आणि पुढे जन्मभर स्पंजच्या नावानं बोटं मोडत राहिला. अंतिम सामन्यात हंगेरीच्या कोत्सियानलाही सातोनं हरवलं. सातोला ते यश पुन्हा मिळालं नाही. स्पंज मात्र टिकला. १९५९ मध्ये त्याला वेसण घातली गेली: नुसता स्पंज नको, वर रबर हवंच, आणि दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत.

मग लपवाछपवी सुरू झाली. एका बाजूला फिरकी देणारं रबर, दुसऱ्या बाजूला फिरकी मारून टाकणारं अँटी, आणि रंग दोन्हींचा एकच! सर्व्हिस करताना बॅट हातातल्या हातात फिरवायची. समोरच्याला आधार उरला तो आवाजाचाच, कारण अँटीवर चेंडू बद्द वाजतो. तर खेळाडू त्याच क्षणी जमिनीवर पाय आपटू लागले. मला हा प्रकार डावपेचापेक्षा विनोदीच जास्त वाटतो, पण त्यापायी नियम बदलावे लागले. जुलै १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल, असं ठरलं. ऑक्टोबर २०२१ पासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळाही चालतो.

आमच्या पिढीच्या आठवणीत आहे तो वास. पंक्चर काढायच्या सोल्युशनचा भाऊबंद असलेला स्पीड ग्लू सामन्याआधी स्पंजला चोपडायचा. स्पंज फुगायचा, रबर ताणलं जायचं आणि फटका खणखणीत वाजायचा. क्लबाच्या जिन्यात डोकं दुखेपर्यंत वास भरलेला असे. ग्लू महाग, म्हणून आम्ही तो सामन्यापुरता राखून ठेवायचो. सरावाला तीच बॅट कोरडी. मग सामन्याच्या दिवशी आपलेच फटके टेबलाबाहेर जात आणि आम्ही दोष द्यायचो टेबलाला. आरोग्याला घातक म्हणून २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकनंतर असा ग्लू बंद झाला. तोच ताण रबरात कारखान्यातच भरून येऊ लागला. वास गेला आणि किंमत चढली.

ग्लूच्या त्या अनुभवावरून एक गोष्ट मी मुलांना सांगत आलो आहे: सरावाची बॅट आणि सामन्याची बॅट वेगळ्या जातीच्या नकोत. ब्लेड, म्हणजे बॅटचं लाकूड, तेच, रबर तेच, स्पंजची जाडीही तीच. सामन्याच्या बॅटवरचं रबर थोडं उतरलं की ते सरावाच्या बॅटवर चढवावं. ते पार मेलं की चेंडू बद्द वाजतो. वेगळी तपासणी लागत नाही. सामना सुरू झाला की बॅट अपघातानं निकामी झाल्याशिवाय बदलता येत नाही, तेव्हा पिशवीतली दुसरी बॅट पहिलीची सख्खी बहीणच हवी. पालक दुकानात सर्वांत वेगवान ब्लेड मागतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात कार्बनचं ब्लेड दिलं की चेंडू मुलाचं ऐकत नाही. त्याला पाच थरांचं साधं लाकूड द्या.

गंमत म्हणजे वेगाच्या या शर्यतीत आपल्या मुलींनी उलटी वाट धरली. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं संथ रबर, लावून २०१८ मध्ये राष्ट्रकुलची विजेती झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला सांघिक जागतिक स्पर्धेत अयहिका मुखर्जीनं तेव्हाच्या अव्वल सुन यिंगशाला ३-१ हरवलं, अँटी रबर वापरून. भारत ती लढत चीनविरुद्ध २-३ अशी हरला. नियमानं सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची बॅट हातात घेऊन बघता येते. म्हणजे सुनला ते रबर बघता येत होतं, चेंडूही बद्द वाजत होता, आणि तरी तिचे फटके जाळ्यात जात होते.