ससा दिसला की कुत्रं सुटतं, आवरायचं कसं?

खानापूर : रविवारी सकाळी गाडीत कुत्रं घालून जांबोटी, कणकुंबी, किणये किंवा चंदगडच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. मोकळी हवा, हिरवं रान, कुत्र्यालाही पाय मोकळे करायला जागा. पण पट्टा काढला आणि झुडपातून ससा उठला की पुढचा खेळ मालकाच्या हातात राहत नाही. हाका मारून मारून घसा बसतो. कुत्रं तासाभराने जीभ बाहेर काढत, अंगभर काटे-कुसळं घेऊन परत येतं. कधी रक्ताळलेलं येतं, कधी येतच नाही.

'आमचं कुत्रं काही करत नाही, नुसतं पळवतं,' असं अनेक मालक सांगतात. या 'नुसतं पळवण्या'त रानातल्या जनावराचं, कुत्र्याचं आणि मालकाचंही किती नुकसान होऊ शकतं, याची कल्पना पुष्कळांना नसते. सवय लावली तर हे आवरता येतं. मात्र त्यासाठी कुत्र्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असतं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

हा हट्टीपणा नव्हे

पळणाऱ्या वस्तूमागे धावणं कुत्र्याच्या रक्तात आहे. वास घेणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, धावणं, पकडणं आणि मारणं ही शिकारीची साखळी. माणसाने हजारो वर्षांत वेगवेगळ्या जाती तयार करताना या साखळीतल्या काही कड्या पक्क्या केल्या, काही सैल केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात नजर रोखणं आणि धावणं ठेवलं, चावणं कमी केलं. बीगलसारख्या कुत्र्यात नाकाचं काम वाढवलं.

आपल्या भागातलं ठळक उदाहरण म्हणजे मुधोळ हाऊंड. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचं नाव या कुत्र्याने देशभर नेलं. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. लांब पाय, खोल छाती आणि दूरवरचं हललेलं टिपणारी नजर, ही सगळी ठेवण सशासारखं चपळ जनावर गाठण्यासाठी घडलेली. असं कुत्रं घरी आणायचं आणि माळावर ससा दिसल्यावर त्याने शांत बसावं अशी अपेक्षा धरायची, हे जरा जास्तच झालं. गावठी कुत्रीही यात मागे नसतात. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड शहरात कितीही शहाण्यासारखं वागलं, तरी रानातला पहिला वास लागला की त्याचा नूर बदलतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठलाग हेच कुत्र्याचं बक्षीस असतं. ससा हाती लागला नाही तरी धावण्यातच त्याला पुरेपूर आनंद मिळतो. म्हणून एकदा मनसोक्त पाठलाग केलेलं कुत्रं दुसऱ्यांदा आणखी लवकर सुटतं. 'एकदा पळू दे, दमलं की अक्कल येईल' हा हिशेब उलटा बसतो.

हाक मारेपर्यंत किती अंतर?

मध्यम अंगाचं तरणं कुत्रं ताशी ४० किलोमीटर वेगाने सहज पळतं. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. मालकाला भान येऊन तोंडातून हाक निघेपर्यंत तीन सेकंद गेले, तर कुत्रं ३३ मीटर पुढे असतं. दहा सेकंदांत शंभर मीटरच्या वर. उसाच्या फडात किंवा करवंदीच्या जाळ्यांत ते तेवढ्यात दिसेनासं होतं. म्हणून सुटल्यावर कसं थांबवायचं यापेक्षा सुटण्याआधी कसं ओळखायचं, हे शिकणं जास्त फायद्याचं.

सुटण्याआधी कुत्रं खुणा देतं. कान पुढे येतात, तोंड मिटतं, शेपूट जागच्या जागी थांबते, अंग ताठ होतं. काही कुत्री पुढचा एक पाय उचलून धरतात. एक-दोन सेकंदांचाच हा वेळ, पण मालकाच्या हातातला वेळ तेवढाच. त्या वेळी मालक मोबाइलमध्ये असला तर सगळं मुसळ केरात.

रानातल्या जनावराचं काय जातं?

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे भीमगड अभयारण्याचा परिसर. २०११ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसरीकडे दांडेलीचं जंगल. गवा, अस्वल, बिबट्या, भेकर, सांबर, साळिंदर, रानडुक्कर अशी सगळी जनावरं या पट्ट्यात आहेत. अभयारण्याची हद्द जनावरांना ठाऊक नसते, त्यामुळे काजूच्या बागा आणि भातशेतीपर्यंत त्यांचा वावर असतो.

भेकर किंवा हरणासारखं जनावर कुत्र्याच्या तावडीतून सुटलं, म्हणजे वाचलंच असं नाही. जीव तोडून धावल्यावर त्याच्या स्नायूंवर आणि हृदयावर एवढा ताण येतो, की ते नंतरही दगावू शकतं. गाभण मादीचे हाल तर विचारूच नयेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, पावसाळ्यात लांडोर झुडपाखाली जमिनीवरच घरटं करते. सशाची पिल्लं बिळात नसतात, गवताच्या आडोशाला निपचित पडून असतात. मोकळ्या कुत्र्याच्या नाकासमोर यातलं काहीच लपत नाही.

दुसरा धोका रोगाचा. रेबीज सर्वांना माहीत आहे. पण डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोगही जंगलात पोहोचतो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा तपासणीत काही सिंहांमध्ये याच रोगाचा विषाणू सापडला होता. आपल्या रानातले कोळसुंदे तर कुत्र्याच्याच कुळातले. लस न टोचलेलं कुत्रं रानात नेणं म्हणूनच बरं नव्हे.

कुत्र्याच्या जिवावर बेततं ते असं

रानडुक्कर पळतं तोपर्यंत पळतं. कोंडीत सापडलं की उलटतं आणि त्याचा सुळा कुत्र्याचं पोट फाडू शकतो. साळिंदराच्या मागे गेलेल्या कुत्र्याच्या तोंडात काटे रुततात. नाग, घोणस, फुरसं यांच्यावर तर पळत्या कुत्र्याचा पाय सरळ पडतो. बिबट्याला कुत्रं हे आवडतं भक्ष्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरातल्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या आला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे अजून कुणी विसरलेलं नाही. बिबट्या फक्त दाट जंगलातच असतो, असं समजण्यात अर्थ नाही.

माणसाने करून ठेवलेले धोके वेगळेच. रानडुकरासाठी लावलेले तारेचे फासे, पिकाभोवती चोरून सोडलेली वीज, आमिषात दडवलेले गावठी बॉम्ब आणि बिनकठड्याच्या विहिरी. वासामागे धावणाऱ्या कुत्र्याला यातलं काही कळत नाही.

आणि एक गोष्ट मालकांच्या लक्षातच येत नाही. अस्वल किंवा गवा अंगावर आला की घाबरलेलं कुत्रं परत कुणाकडे पळतं? मालकाकडे. मागून तो प्राणीही येतो.

रानातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचिडी असतात, हाही विषय हलक्यात घेण्यासारखा नाही. माकडताप जंगलातल्या गोचिडींमुळेच माणसाला होतो. गोव्यातला सत्तरी आणि सिंधुदुर्गातला दोडामार्ग या आपल्या शेजारच्या तालुक्यांनी तो अनुभवला आहे. घरात घेण्याआधी कुत्र्याचे कान, बगला आणि बोटांच्या फटी तपासून घ्याव्यात.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, हाकणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. मोर, गवा, अस्वल, बिबट्या हे तर पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी. ससाही संरक्षित आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हाच मुळात गुन्हा. मुद्दाम कुत्रं सोडून ससा धरायचा आणि त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवायचा, हा काही तरुणांचा शौक थेट तुरुंगात नेऊ शकतो.

शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे, ती मान्य करायला हवी. रात्रभर राखण करूनही डुकरं भात लोळवतात, ऊस मोडतात. बांधावरच्या कुत्र्याने भुंकून जाग दिली नाही तर हाताशी काही उरत नाही. पण राखणीचं कुत्रं बांधावर भुंकणारं हवं, मैलभर रानात शिरणारं नको. शिवार सोडून जाणारं कुत्रं त्या वेळेपुरती पिकाची राखणही करत नाही.

सवय लावायची कशी?

पहिली पायरी घरच्या अंगणात. एक ठरावीक शीळ किंवा शिट्टी निवडावी. ती वाजली की लगेच कुत्र्याच्या आवडीचा तुकडा, उकडलेलं चिकन, अंडं किंवा सुकट. रोज दहा-बारा वेळा, असे दोन-तीन आठवडे. ही शिट्टी दुसऱ्या कशासाठीही वापरू नये आणि वाजवल्यावर तुकडा चुकवू नये. कुत्र्याच्या मनात शिट्टी आणि खाणं यांची गाठ पक्की बसली पाहिजे.

दुसरी पायरी लांब दोराची. आठ ते दहा मीटरचा मजबूत दोर बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये. धावत्या कुत्र्याला झटका बसला तर मान दुखावते. छातीपट्टा, म्हणजे हार्नेस वापरावा. दोर हाताला गुंडाळूनही घेऊ नये, कातडी सोलवटते. मोकळ्या मैदानात कुत्र्याला या दोरावर फिरू द्यावं आणि मधूनच शिट्टी वाजवावी. आलं की खाऊ आणि पुन्हा मोकळीक. दर वेळी हाक मारून लगेच घरीच नेलं, तर 'हाक म्हणजे मजा संपली' हे कुत्रं चटकन शिकतं.

तिसरी पायरी थोडी अवघड. शेळ्यांचा कळप लांब चरत असेल, तर धनगराला किंवा राखणदाराला सांगून दोन-अडीचशे मीटरवर कुत्रं घेऊन उभं राहावं, दोर हातात ठेवूनच. कळपाकडे पाहून कुत्रं ताठ झालं, पण नाव घेतल्यावर मान वळवली, तर लगेच बक्षीस द्यावं. मान वळलीच नाही तर आपण फार जवळ आलोय असं समजून मागे सरावं. काही दिवसांनी अंतर थोडं थोडं कमी करत जावं.

धावण्याची हौस दाबून मरत नाही, तिला दुसरी वाट लागते. काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून फिरवावी. कुत्रं तिच्यामागे जीव खाऊन धावतं. मधेच 'थांब' म्हणून चिंधी स्थिर करायची, कुत्रं थांबलं की पुन्हा खेळ सुरू. ऐन धावण्यात थांबायची सवय या खेळातून लागते. रोज पाच-सात मिनिटं पुरतात. उन्हात मात्र खेळवू नये.

परत आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. अर्ध्या तासाने आलं तरी नाही. त्याच्या लेखी मार पळण्याचा नसतो, परत येण्याचा असतो. पुढच्या वेळी ते आणखी उशिरा येतं. विजेचा झटका देणारे पट्टे घेण्याच्याही भानगडीत पडू नये. भ्यालेलं कुत्रं कधी मुकाट होतं, कधी जवळ उभ्या पोरावरच उलटतं.

या सगळ्याला महिने लागतात. काही कुत्री, विशेषतः मुधोळसारखी नजरेने शिकार करणारी, कितीही शिकवली तरी मोकळ्या रानात भरवशाची होत नाहीत. त्यांच्यासाठी लांब दोर हाच कायमचा उपाय. त्यात कमीपणा काही नाही. कुंपण असलेल्या मैदानात त्यांना मनसोक्त पळू द्यावं.

फिरायला निघण्यापूर्वी

उजाडताना आणि तिन्हीसांजेला रान टाळावं, जनावरांची वर्दळ तेव्हाच जास्त असते. मळलेली वाट सोडू नये. ताजी विष्ठा, उकरलेली जमीन किंवा पायाचे ठसे दिसले की दोर आखडता घ्यावा. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर लिहिलेला असावा. बरोबर पाणी ठेवावं.

तरीही कुत्रं सुटलंच, तर त्याच्यामागे ओरडत धावू नये. कुत्र्याला तो पाठलागातला जोडीदार वाटतो. जिथून सुटलं तिथेच थांबून दर दोन-चार मिनिटांनी शिट्टी वाजवावी. बहुतेक कुत्री आपल्याच वासाच्या मागावर त्याच जागी परततात. अंधार पडू लागला तर आपल्या अंगातला शर्ट किंवा टॉवेल तिथे ठेवून बाहेर पडावं, जवळच्या वाडीवर आणि वन खात्याच्या चौकीवर सांगून ठेवावं आणि सकाळी पुन्हा तिथूनच शोध सुरू करावा. कुत्र्यासाठी रात्री एकट्याने जंगलात शिरू नये.

परत आलेल्या कुत्र्याला आधी सावली आणि थोडं थोडं पाणी द्यावं. धापा थांबत नसतील तर अंग ओलं करावं. सापाच्या दंशाचा संशय असेल तर जखम कापू नये, चोखू नये, कुत्र्याला चालवू नये. उचलून थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. डुकराच्या सुळ्याची जखम वरून लहान दिसते, आत खोल असते. तिच्यावर हळद दाबून घरी बसणं महागात पडतं.