धवलारीण आणि माझा कॅमेरा

आमच्या घरात आई-वडिलांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाटलाच्या घरी लग्न असले की आजोबा मांडवाबाहेर उभे राहत. त्या लग्नाशी त्यांचा संबंध उरल्यासुरल्या अन्नापुरता. म्हणून पनवेलच्या महाविद्यालयातला माझा एक आगरी विद्यार्थी ‘सर, बहिणीच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढा’ म्हणाला, तेव्हा मांडवात जाण्याचा हक्कच मिळाल्यासारखे मला वाटले.

उरण रस्त्यावरचे त्याचे गाव पनवेलहून फार दूर नाही; पण मुलूख मला परका होता, बोली निम्मीच कळत होती. हळदीच्या दिवशी मी नवरी, मानकरी, आहेर सारे टिपले. कोपऱ्यात एक म्हातारी गात बसली होती. घरातली कुणी आजी असेल, असे समजून मी तिच्याकडे पाठ केली. संध्याकाळी विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, धवलारीण घेतलीत ना? तिच्याशिवाय लग्न कसलं?’

ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी समाजात धवलारीण म्हणजे लग्न लावणारी स्त्री. तिच्या गीतांना धवले म्हणतात. तांदळाच्या पिठाचा चौक असो की हळद, त्या त्या विधीचा धवला ती गाते आणि विधी पुढे सरकतो. तिच्यापुढे पोथी नसते; जाणत्या बायांकडून ऐकून तिने ते सारे कंठस्थ केलेले असते. आता मंगलाष्टकांसाठी भटजीही येतो आणि धवलारणी कमी होत चालल्या आहेत.

मला शरम वाटली ती वेगळ्याच कारणाने. तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे मी वर्गात शिकवतो. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरची ती रचना मराठीच्या आद्य काव्यांपैकी एक. पुस्तकातला धवळा मला ठाऊक होता. समोर धवला गाणारी बाई मात्र मला दिसली नाही! जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून पुरोहितावाचून लग्ने लावली. १९५६ नंतर आपणही भटजीला रजा दिली. तरी लग्न लावणारा म्हणजे मंत्र म्हणणारा पुरुष, ही समजूत माझ्या डोळ्यांतून गेली नव्हती. कॅमेरा काय करणार? डोळ्याला जे महत्त्वाचे वाटते तेच तो टिपतो.

धवल्यांत देवदेवतांची आवाहने आहेत. ती सगळी मला पटत नाहीत. पण न पटणे वेगळे आणि न दिसणे वेगळे. आपल्या माणसांच्या वाट्याला शतकानुशतके आले ते हे न दिसणे. आणि दिसलो तेव्हा कसे? १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांत माणसे नमुने म्हणून उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी आधी धवलारणीजवळ जाऊन बसलो. फोटो काढू का, असे विचारले. गाणे संपेपर्यंत तिने उत्तर दिले नाही. मग पदर सारखा करून म्हणाली, काढ. तो फोटो मी तिला नेऊन दिला. पण फोटोला आवाज नसतो. परक्या मुलखात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने, विशेषतः आपल्यातल्या शिकलेल्याने, आधी विचारावे, ऐकावे आणि गाणेही उतरवून घ्यावे.