पडद्यामागचे हात आणि पुढचा प्रेक्षक

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याची गर्दी लोटते, तेव्हा तिचे डोळे रावणाच्या उंच पुतळ्याकडे लागलेले असतात. दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या उत्सवात पुतळ्याचे बांबू कोणी बांधले, मंचावरचे दिवे कोणी लावले, याची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणास पडत नाही. काम नीट पार पडले की काम करणारा दृष्टीआड होतो, हा जगाचा न्यायच आहे. तो दिसू लागतो तो काम थांबवतो त्या दिवशी. आणि तेव्हा दिसतो तोही बहुधा अपराधी म्हणूनच.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या जगप्रसिद्ध नाट्यपेठेत १० नोव्हेंबर २००७ रोजी नेमके हेच घडले. नेपथ्य उभारणारे, दिवे व ध्वनी सांभाळणारे, पडदा ओढणारे कामगार संपावर गेले आणि दोन डझनांहून अधिक नाटकांचे खेळ एकाएकी बंद पडले. पहिला घाव बसला तो मुलांच्या एका संगीतिकेवर. तिकिटे हाती असलेली कुटुंबे दारातून परत फिरली. एकोणीस दिवस हा संप चालला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा, म्हणजे ऐन कमाईचा आठवडा त्यात बुडाला. अखेर २८ नोव्हेंबरच्या रात्री तडजोड झाली आणि दुसऱ्या दिवशी पडदे वर गेले.

वादाचा मुद्दा वरवर रुक्ष होता. नाटक रंगमंचावर चढवताना कमीत कमी किती माणसे कामावर घ्यावीत आणि त्यांना किती तासांचे वेतन द्यावे, हा तो मुद्दा. काम नसलेल्या माणसांचे पैसे का मोजावेत, असे निर्माते विचारीत होते. ही किमान संख्या गेली की नोकरीची शाश्वती गेली, असे कामगारांचे म्हणणे होते. निर्मात्यांनी कामगारांच्या मिळकतीचे मोठे आकडे लोकांपुढे मांडले. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि म्हणूनच तडजोडीस इतके दिवस लागले.

या एकोणीस दिवसांत प्रेक्षकांचे तीन वर्ग दिसून आले. एक संतापलेला: दूरच्या गावाहून आलेला, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च केलेला. तिकिटाचे पैसे परत मिळत होते. पण मुलांना दिलेला शब्द कोणत्या खिडकीवर परत मिळणार? दुसरा सहानुभूतीचा: स्वतः कोठेतरी नोकरी करणारा, संपाची किंमत जाणणारा. तिसरा व्यवहारी: वेगळ्या करारामुळे जी मोजकी नाट्यगृहे उघडी राहिली, तिकडे त्याने पावले वळविली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने मुलांची ती संगीतिका २३ नोव्हेंबरला सुरू झाली. प्रेक्षकाच्या हिरमोडाची दखल सर्वांत आधी मुलांच्या निमित्ताने घेतली गेली, असे म्हणता येईल.

सातासमुद्रापलीकडच्या या कथेचे हिंगोलीच्या शिक्षकाला, कारकुनाला वा विद्यार्थ्याला काय, असा प्रश्न येथे कोणी करील. वस्तुतः या तिन्ही भूमिका त्याने स्वतः वठविल्या आहेत. १९७७-७८ साली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा चौपन्न दिवसांचा संप झाला. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ पासून सात दिवस राज्यातील कर्मचारी व शिक्षक पुन्हा संपावर गेले. त्या वेळी खेड्यातून दाखल्यासाठी आलेला शेतकरी बंद खिडकी पाहून परतला, तेव्हा तोही एक तिकीट काढलेला प्रेक्षकच होता. उलट, २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. ज्याच्या गावाला एस. टी. वाचून दुसरे वाहन नाही, त्या विद्यार्थ्याची भिस्त मग पायांवर किंवा महागड्या खाजगी जीपवर राहिली. एका संपात जो मागणी करतो, तोच दुसऱ्या संपात गाऱ्हाणे करतो. आपला संप न्याय्य आणि दुसऱ्याचा संप अडवणूक, ही दोन मापे ठेवणे सोयीचे असेल, सचोटीचे नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक संप योग्यच असतो असा नाही. ज्याचे तिकीट फाटले त्याचा राग खराच असतो, आणि पूर्वसूचना न देता खेळ बंद पाडणारी संघटना आपलाच मित्र गमावते. तथापि रागावलेल्या माणसाने, काम कोणी थांबवले याबरोबरच ते कशासाठी थांबवले हेही विचारले पाहिजे. तिकिटाच्या पैशात नटाचा आवाज जसा असतो, तसेच अंधारात लेव्हल उचलणारे हातही असतात.

मराठी रंगभूमीवर या हातांची स्थिती ब्रॉडवेच्या कामगारांहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे पडद्यामागच्या माणसाला बहुधा ‘नाइट’ मिळते: प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे नाट्यगृहांना टाळी लागली. मध्यंतरी काही महिने ती निम्म्या प्रेक्षकांसाठी उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून परत सुरू झाली. हा कोणाचा संप नव्हता; पण खेळ बंद पडला की चूल सर्वांआधी कोणाची विझते, हे त्या काळाने स्वच्छ दाखविले. नाट्यक्षेत्रातील मंडळी मदतीस धावली, हे तिला भूषणावह आहे. परंतु मदत म्हणजे हक्क नव्हे. जो संप करू शकत नाही तो संतुष्टच आहे, असे समजणे ही मोठी आत्मवंचना होय.

लेखी करार, प्रयोग रद्द झाल्यास ठरावीक मोबदला, अपघाताचा विमा आणि वाद उद्भवल्यास खेळापूर्वीच मध्यस्थी, एवढ्या गोष्टी झाल्या तर प्रेक्षकाला दारातून परतण्याची वेळ क्वचितच येईल. प्रेक्षकानेही एक करावे: अखेरच्या पडद्याला टाळी वाजविताना न दिसणाऱ्यांचा वाटा मनात धरावा. राज्य नाट्यस्पर्धेसाठी शाळा सुटल्यावर स्वतः फ्लॅटला खिळे ठोकणाऱ्या हौशी शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको.

नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे. तेथील कीर्तनात टाळकरी आणि मृदंगी बुवांच्या मागे, पण सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे असतात. मृदंग थांबला तर कीर्तन थांबेल, हे बुवाही जाणतात आणि श्रोतेही. एवढी जाणीव नाट्यगृहात, कचेरीत आणि एस. टी.च्या थांब्यावर आली, तर निम्मे संप सुरू होण्याआधीच मिटतील.