बुकिंगचा आकडा: इसार की अनामत?

आज आपण जरा बाजारातला प्रश्न घेऊ. नवी मोटार रस्त्यावर यायच्या आधीच कंपनी बुकिंग घेते आणि काही दिवसांत सांगते, इतक्या लाख लोकांनी पैसे भरले. त्या आकड्यावर कारखाने उभे राहतात, माणसांचे रोजगार ठरतात. पण तो आकडा नेमकं काय मोजतो?

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत. घर-जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. ऐनवेळी माघार घेतली की तो बुडतो. अनामत परत मिळते, वाचनालयात भरतो तशी. ‘बुकिंग’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचं म्हणणं असं, की वचन देणं म्हणजे माहिती पुरवणं नव्हे, ती एक कृती आहे. इसार हे असं वचन. अनामत म्हणजे मोडायची मुभा राखून दिलेलं वचन!

टेस्लाने ३१ मार्च २०१६ रोजी मॉडेल ३ साठी १,००० डॉलर घ्यायला सुरुवात केली. ते परत मिळणारे होते. आठवडाभरात सव्वातीन लाखांवर नोंदी झाल्या. पुढे २०१७च्या ऑगस्टमध्ये इलॉन मस्क यांनी सांगितलं, की एकूण ५,१८,००० नोंदींपैकी ६३,००० रद्द झाल्या. म्हणजे आठांतला एक गेला. आम्हाला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण मुभा असूनही थांबलेले किती, हे त्यातून कळतं.

मग रक्कम मोठी ठेवली की झालं, असं कुणी म्हणेल. तर आपल्या पुण्यात घडलेल्या नॅनोकडे बघा. एप्रिल २००९मध्ये, जेमतेम अडीच आठवड्यांत, २ लाख ३ हजार बुकिंग. सगळ्यात साध्या मॉडेललाही ९५,००० रुपये भरायचे, म्हणजे जवळजवळ गाडीची किंमतच. याहून पक्का इसार कोणता? आणि तरी नोव्हेंबर २०१०मध्ये देशभरात विकल्या गेल्या फक्त ५०९ नॅनो. साणंदचा कारखाना होता वर्षाला अडीच लाख गाड्यांचा.

गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, हे खरंच. पण बुकिंगकडेही नीट पाहायला हवं होतं. बरेचसे पैसे बँकेच्या कर्जातून आले होते, म्हणजे खिशाला बसणारी झळ दिसते तेवढी नव्हती. शिवाय पहिल्या एक लाख गाड्यांना किंमत न वाढवण्याची हमी होती आणि त्या सोडतीने मिळणार होत्या. अशा वेळी माणूस गाडीइतकंच संधीसाठीही नाव घालतो, नाही का? वर्षभराची साठलेली उत्सुकता त्या अडीच आठवड्यांत एकदम ओतली गेली. तळ्यात पाणी किती, ते कळलं. झरा किती वाहतो, ते नाही.

आणखी एक गोष्ट त्याच आकड्यांत होती. ही गाडी रतन टाटांनी कल्पिली होती स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबासाठी. बुकिंगपैकी जवळजवळ निम्मी होती सगळ्यात महागड्या मॉडेलची. साध्या मॉडेलला मागणी जेमतेम पाचव्या हिश्श्याची. स्कूटरवाला त्या रांगेत फारसा आलाच नव्हता.